वाइमेआत थांबावं का? मोकाट गुरांनी वसवलेल्या गावाविषयी

प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन हवाईच्या मोठ्या बेटावर सहा दिवस जायचं आहे. मुक्काम पश्चिमेच्या 'कोना' भागात. ज्वालामुखी आणि समुद्रकिनारे ठरलेले आहेत. भाचा म्हणतो, 'वाइमेआ नावाचं गुरांचं गाव आहे, एक दिवस तिथे काढ.' तर त्या गावाचा इतिहास काय, बघण्यासारखं काय, की कॉफी पिऊन पुढे निघायचं?

काढा एक दिवस. पण 'प्रेक्षणीय स्थळं' मोजायला बसलात तर गाव दुपारच्या आत संपेल आणि भाच्यासकट मलाही शिव्या खाव्या लागतील. मी पंधरा-सोळा वर्षं मराठी मंडळींच्या हवाईच्या सहली आखून देतो, बऱ्याचदा सोबतही जातो. वाइमेआत तासाभरात कंटाळलेली माणसं मी पाहिली आहेत आणि तिथून पाय न निघणारीही. ज्यांचा पाय निघाला नाही त्यांना गुरांची गोष्ट आधी ठाऊक होती, एवढाच काय तो फरक. म्हणून आधी गोष्ट सांगतो, मग दिवस कसा लावायचा ते.

त्याही आधी नावाची सावधगिरी. हवाईत वाइमेआ एक नाही. कवाई बेटावर एक आहे, ओआहू बेटावर त्याच नावाची खाडी आहे आणि हे तिसरं. 'वाइ' म्हणजे पाणी, 'मेआ' म्हणजे तांबूस. तांबड्या मातीचं पाणी वाहतं तिथे हे नाव पडतं. धंद्यात नवा असताना मी ठाण्याच्या एका कुटुंबाची खोली 'वाइमेआ'त ठरवली. रात्री नऊला कोना विमानतळावरून काकांचा फोन : 'अहो, हे हॉटेल नकाशावर समुद्राच्या पलीकडे दिसतंय!' चूक सर्वस्वी माझी. भुर्दंडही मीच भरला. तेव्हा खोली ठरवताना 'कामुएला' हे नाव शोधा. टपाल खात्याने घोळ टाळायला या वाइमेआला दिलेलं हे नाव. हवाई भाषेत 'स' नाही, त्यामुळे सॅम्युएलचा कामुएला झाला. हा सॅम्युएल कोणता यावर गावात एकमत नाही. बरेच जण पार्कर घराण्यातल्या सॅम्युएलचं नाव घेतात.

आता गुरं. हवाईत मुळात गाय-बैल नव्हतेच. १७९३ आणि १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर हा ब्रिटिश कप्तान कॅलिफोर्नियाहून जहाजातून लांब शिंगांची मोजकी जनावरं घेऊन आला आणि राजा कामेहामेहाला ती भेट दिली. प्रवासाने त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. व्हँकुव्हरचा सल्ला पडला की दहा वर्षं यांना कुणी हात लावू नये, म्हणजे वंश वाढेल. राजाने 'कापू' घातला, म्हणजे धार्मिक बंदी. मोडणाऱ्याला देहदंड.

आपल्याकडे देवाला वळू सोडतात तसंच हे. वळू कुणाच्याही शेतात शिरो, त्याला मारायची टाप नाही. फरक इतकाच की आपल्याकडे गावात एखाद-दुसरा वळू असतो. इथे अख्खा कळप देवाला सोडल्यासारखा, चरायला डोंगरच्या डोंगर, आणि वाघ-बिबट्या एकही नाही. दहा वर्षांनी बंदीची मुदत सरली तोवर गुरं रानटी झाली होती. पुढच्या वीस-तीस वर्षांत ती हजारोंनी वाढली. रताळ्याची, तारोची (अळूसारखा कंद) शेतं तुडवू लागली, रानात माणसांच्या अंगावर धावून येऊ लागली. मग लोकांनी गडगे घातले. कोकणातले वाचक असतील तर वेगळं सांगायला नको : चुना-माती न घालता दगडावर दगड रचलेली भिंत. इथला दगड काळा, सच्छिद्र, लाव्ह्याचा. आपल्याकडे कोंडवाड्यात गुरं आत आणि माणसं बाहेर असतात. इथे उलटं झालं. माणसं आणि पिकं आत, गुरं बाहेर. वाइमेआच्या आसपास रस्त्याकडेला असे गडगे अजून दिसतात. पाटी नसते. गाडी थांबवून एकदा दगडाला हात लावा. गावातली यापेक्षा सच्ची जुनी वस्तू मला माहीत नाही.

यातून धंदा कसा निघाला तेही ऐका. जॉन पामर पार्कर हा मॅसॅच्युसेट्सचा पोरगा १८०९ मध्ये, एकोणिशीत, जहाजावरून पळून इथे उतरला. मधली काही वर्षं दर्यावर काढून १८१५ च्या सुमारास परतला तो हातात चांगली बंदूक घेऊन. कामेहामेहाने त्याला रानगुरं मारायची परवानगी दिली. मांस मिठात मुरवायचं, कातडी आणि चरबी वेगळी काढायची आणि किनाऱ्यावर येणाऱ्या जहाजांना सगळं विकायचं. याच काळात डोंगरातलं चंदन तोडून चीनशी व्यापार करणाऱ्यांना विकलं जात होतं. हजारो माणसं पाठीवर ओंडके बांधून कावाइहाएच्या बंदरात उतरायची. चंदन संपलं. मग बेटाकडे विकण्याजोगं जे उरलं त्यात ही गुरं होती, आणि दारात व्हेल मारणाऱ्यांची जहाजं खारवलेल्या मांसासाठी उभी.

पार्करने लग्न केलं किपिकानेशी. ती राजघराण्यातली. १८४७ मध्ये माना इथे दोन एकरांवर त्याच्या रँचची, म्हणजे गुरं पाळायच्या जमिनीची, सुरुवात झाली. घराण्याचा मान आणि त्याचा हिशेबीपणा, दोन्हींच्या जोरावर जमीन वाढत गेली आणि पुढे ही अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खासगी रँचपैकी एक झाली. आजही सुमारे १,३०,००० एकर तिच्याकडे आहेत. एका एकरात भावकीची भांडणं पाहिलेल्या आपल्या मंडळींना हा आकडा पचायला वेळ लागतो. माझ्या गटातल्या एका काकांनी गाडीत कॅल्क्युलेटर काढून गुंठे केले होते.

पण बंदूक घेऊन गुरं मारणं वेगळं आणि ती जिवंत पकडून कळप राखणं वेगळं. ती विद्या बेटावर कुणाकडे नव्हती. म्हणून तिसऱ्या कामेहामेहाने १८३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाहून मेक्सिकन घोडेस्वार गुराखी बोलावले. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. घोडे बेटावर १८०३ मध्येच आले होते. बसायचं कसं आणि फास टाकायचा कसा ते या मंडळींनी शिकवलं. ते स्वतःला 'एस्पान्योल' म्हणत. 'स' नसलेल्या जिभेवर त्याचा 'पनिओलो' झाला. आजही इथे काउबॉयला पनिओलो म्हणतात. टेक्सासमधून गुरांचे प्रचंड तांडे उत्तरेला हाकायला सुरुवात झाली ती १८६० च्या दशकात. म्हणजे सिनेमातल्या काउबॉयच्या एक पिढी आधी हवाईचा पनिओलो घोड्यावर बसला होता. गावातले म्हातारे हे सांगताना आवाज जरा चढवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

त्यांची पद्धत मला फार आवडते. फास कच्च्या चामड्याच्या वाद्या वळून केलेला. रानात बैल पकडला की त्याला झाडाला बांधून रात्रभर दमू द्यायचं. दुसऱ्या दिवशी एका माणसाळलेल्या बैलाला त्याच्याशी जोडायचं आणि त्या शहाण्याबरोबर हा रानटी आपोआप घरी. नांगराला नवा खोंड धरताना जुन्या बैलाशेजारी जुंपतात, त्याचीच ही जात.

मेक्सिकन गुराखी गिटारीही घेऊन आले होते. ते परत गेले, गिटारी राहिल्या. हवाईच्या लोकांनी तारा आपल्या कानाप्रमाणे सैल करून वाजवायची स्वतःची रीत बसवली. तिला 'की होआलू' म्हणतात, म्हणजे सैल केलेली तार. संध्याकाळी कुठे कार्यक्रम लागला असेल तर सोडू नका.

विक्रीची जनावरं वाइमेआहून कावाइहाएच्या किनाऱ्याला हाकत न्यायची. बऱ्याचदा रात्रीच, ऊन चढायच्या आत. धक्का नाही. मग एकेक पनिओलो एकेका जनावराला फास घालून घोड्यासकट समुद्रात शिरायचा. घोडा पोहतोय, बैल पोहतोय, पुढे होडी. होडीवरची माणसं बैलाचं डोकं पाण्यावर राहील असं काठाला बांधून घ्यायची. दोन्ही बाजूंना अशी जनावरं लटकली की होडी मोठ्या जहाजाकडे, आणि तिथे पोटाखाली पट्टा घालून क्रेनने एकेक जनावर वर. पाय हवेत, अंगातून पाणी निथळतंय. याचे जुने फोटो पुकालानी स्टेबल्समध्ये आहेत. रँचचे हे जुने तबेले, आता पनिओलोंच्या वारशाचं केंद्र. गावात एकच वास्तू बघायची असेल तर ही. खोगिरं, लगामं, फास, सगळं वापरून झिजलेलं. उघडण्याचे दिवस बदलतात, आदल्या दिवशी फोन करा.

मग आलं १९०८. वायोमिंगमधल्या शायानला दरवर्षी मोठी रोडिओ स्पर्धा भरते. तिथे हवाईहून तिघे गेले : इकुआ पर्डी, आर्ची काआउआ आणि जॅक लो. घोडे उसने. प्रेक्षकांना गंमत वाटत होती, बेटावरचे लोक गुरं काय पकडणार! खेळ असा : सुटलेल्या बैलाला घोड्यावरून फास टाकायचा, पाडायचं, उतरून पाय बांधायचे, सगळं एकट्याने. पर्डीने ५६ सेकंदांत बांधला आणि जिंकला. काआउआ तिसरा, लो सहावा. पर्डी वाइमेआचाच, पार्करच्याच वंशातला. गावातल्या पार्कर रँच सेंटर या बाजारपेठेपाशी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, फास फेकण्याच्या क्षणातला. मंडळी पुतळ्यासमोर फोटो काढून सुपरमार्केटमध्ये शिरतात. तुम्ही दोन मिनिटं फासाकडे आणि जनावराच्या पायांकडे नीट बघा.

गावात पायी फिरायचं तर चर्चच्या रांगेपासून सुरुवात करा. त्यातलं इमिओला चर्च १८५७ चं. आत शिरलात की भिंती, छत, बाकं, सगळं कोआ नावाच्या स्थानिक लाकडाचं. दुपारचं ऊन खिडकीतून आलं की लाकूड मधासारखं दिसतं. हे चर्च उभं करणारे लोरेन्झो लायन्स १८३२ मध्ये आले आणि १८८६ मध्ये इथेच वारले. हवाई भाषा इतकी आत्मसात केली की हातात हात धरून समारंभाच्या शेवटी आख्खी हवाई जे गीत गाते त्याचे शब्द त्यांचे आहेत. चर्चसमोरच्या बागेत चेरीची झाडं आहेत. फेब्रुवारीत बहर आणि जत्रा असते. ऑक्टोबरात नुसती झाडं.

पार्करांच्या पुउओपेलु या घराशेजारी माना इथल्या त्यांच्या जुन्या घराचं कोआ लाकडाचं अंतरंग हलवून आणून बसवलं आहे. आत जाता येईल की नाही ते आधी विचारून घ्या. घराण्याचा शेवटचा मालक रिचर्ड स्मार्ट हा भारी माणूस. लहानपणीच पोरका झाला, आजीने वाढवला, आणि एवढ्या रँचचा वारस असून गेला कुठे, तर नाटकात गायला-नाचायला, थेट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेपर्यंत. पुढे परतून कारभार हाती घेतला आणि १९८१ मध्ये आईच्या नावाने काहिलु थिएटर बांधलं. गुरांच्या गावात पाचशे खुर्च्यांच्या आसपासचं खरंखुरं नाट्यगृह! १९९२ मध्ये तो गेला तेव्हा रँच विश्वस्त निधीकडे ठेवून गेला. उत्पन्न गावातल्या शाळांना आणि रुग्णालयाला मिळावं अशी व्यवस्था केली. सांगलीकर मंडळींना हे घराणं लगेच जवळचं वाटतं.

दोन गोष्टी झटपट. कोनाहून १९० क्रमांकाच्या वरच्या रस्त्याने आलात तर गावाच्या अलीकडे कँप तारावाचं स्मारक लागेल. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या नोव्हेंबरात, पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर जपान्यांशी झालेल्या लढाईत पोळलेले अमेरिकन मरीन सैनिक इथे तंबूत आणले गेले. पुढे इवो जिमा या जपानी बेटावर उतरलेल्या तुकड्यांनीही सराव इथेच केला. दुसरी, केक वेधशाळेचं मुख्यालय. दुर्बिणी वर माउना केआवर ४,२०० मीटर उंचीच्या शिखरापाशी आहेत, कार्यालय मात्र गावात, मुख्य रस्त्यावर. त्याच डोंगरावर तीस मीटरची दुर्बीण उभारायच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात आहे. म्हणून आपली मंडळी इथे हटकून चौकशी करतात. स्थानिक हवाई लोकांसाठी तो डोंगर पवित्र आहे आणि २०१५ व २०१९ मध्ये त्यावरून रस्ता अडवून मोठी आंदोलनं झाली. गावात विषय काढाल तर ऐकण्याच्या तयारीने काढा.

डोंगराच्या उतारावर एक दुर्दैवी जागाही आहे. रानगुरं पकडायला खड्डे खणून वर फांद्या टाकून ठेवत. १२ जुलै १८३४ रोजी डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अशाच एका खड्ड्यात मेलेला सापडला. खड्ड्यात आधीच एक बैल पडलेला. डग्लस फर हे झाड त्याच्याच नावाचं. वय ३५. अपघात की घात, याची चर्चा आजतागायत चालू आहे. माना रोड नावाच्या कच्च्या वाटेने तिथे जातात. आई-बाबांना घेऊन मुळीच जाऊ नका. भाड्याच्या गाडीचा करारही बहुधा त्या वाटेची परवानगी देत नाही. त्याच भागात २०२१ मध्ये वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि ४०,००० एकरांहून जास्त जळालं. गवत चरायला गुरं कमी पडली की इथे आग लागते, असं गुरं पाळणारे म्हणतात. गुरांनीच आधी जंगल खाल्लं आणि मागे गवत उरलं, असं जंगलवाले म्हणतात. मला दोघांचंही पटतं.

आज कळपातली बहुतेक वासरं मोठी करायला अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जहाजाने जातात. म्हणजे दोनशे वर्षांत जहाज काही चुकलेलं नाही. जेवणाचं म्हणाल तर गाव गोमांसाचं आहे, हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा. पदार्थाच्या नावात 'पिपि' दिसलं की समजा : इंग्रजीतल्या 'बीफ'चं ते हवाई रूप. 'पिपिकाउला' म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. 'काउला' म्हणजे दोर. शाकाहारी असाल तर शनिवार सकाळ गाठा. गावात शेतकऱ्यांचे बाजार भरतात. कोबी, सॅलड, टोमॅटो, फळं, ताजा पाव, सगळं त्याच परिसरातलं.

आणि स्वेटर. हसू नका. गाव आठशे मीटरवर आहे, माउना केआ आणि कोहाला डोंगरांच्या खिंडीत. गावाच्या पूर्वेला पाऊस, पश्चिमेला ऊन. लोक 'ओली बाजू' आणि 'कोरडी बाजू' असं बोलतात आणि घरांच्या किमतीही त्यावर ठरतात. महाबळेश्वरहून फलटणला उतरताना जो बदल दोन तासांत होतो तो इथे दहा मिनिटांत होतो. बोचरा, वाऱ्यावरचा तो पाऊस इतका ओळखीचा की त्याला स्वतःचं नाव आहे, 'किपुउपुउ'.

तर दिवस असा लावा. सकाळी आठला कोना सोडा, वरच्या रस्त्याने साधारण तासाभरात गावात. चर्च, पुकालानी, पुतळा, जेवण. दुपारी एकच्या सुमारास कोहाला डोंगराचा २५० क्रमांकाचा रस्ता धरा. दिवसातला सर्वांत सुंदर तास हाच. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं. आपल्या कोकण किनाऱ्यावरची तीच, इथे वारा अडवायला लावलेली. मध्ये हिरवी गोल टेकाडं, त्यावर गुरं, आणि खाली निळा समुद्र. रस्ता हावीला उतरतो. पुढे कापाआउ गावात कामेहामेहाचा पुतळा आहे. तो आणणारं जहाज फॉकलंड बेटांजवळ बुडालं, म्हणून दुसरा ओतवून होनोलुलुला उभा केला. मग बुडालेला मूळ पुतळा वर काढला गेला आणि तो इथे, राजाच्या जन्माच्या मुलखात आला. पोलोलुच्या सज्जावरून दरी बघा, खाली उतरायचा मोह टाळा. वाट निसरडी आहे. वाइपिओ दरीचा रस्ता २०२२ पासून बाहेरच्या पर्यटकांना बंद केला गेला, त्या बाजूला जायचं तर वरूनच बघायची तयारी ठेवा.

परतताना २७० क्रमांकाने किनाऱ्याकिनाऱ्याने कावाइहाएला या. इथे पाऊस जवळजवळ नाहीच. काटेरी झाडं दिसतील ती कियावे, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. गुरांनी शेंगा खाल्ल्या आणि शेणातून बिया पसरवल्या. टेकडीवर कामेहामेहाने १७९१ मध्ये पुरं केलेलं पुउकोहोला हे दगडी देवस्थान आहे. तेही बिनचुन्याच्या दगडांचं, एक अवाढव्य गडगाच म्हणा. शेजारी स्पेन्सर बीच. पाणी शांत, उथळ. बाबांना पाय बुडवता येतील. पनिओलो घोड्यासकट समुद्रात शिरायचे ते याच उपसागरात. आईंचा स्वेटर एव्हाना गाडीच्या मागच्या सीटवर पडलेला असेल.